चुलीचा नियम

सकाळी आठ वाजता धाकट्याने टेबलावर, चहाच्या कपांच्या मधोमध, वीतभर लांबीचा एक चकचकीत पाइप ठेवला आणि सांगितलं की स्टेडियमच्या रेलिंगचं काम त्याला मिळालं आहे.

"खायच्या टेबलावर लोखंड नको," त्याची बायको म्हणाली.

"लोखंड नाही, स्टेनलेस आहे. हात फिरवून बघ. जोड कुठे लागतो का?"

तिने हात फिरवला नाही. तिने नणंदेकडे पाहिलं. नणंद, म्हणजे धाकट्याची थोरली बहीण, पावाला लोणी लावत होती. सुरी चालू होती, पण एकाच जागेवर फिरत होती.

या बहिणीला घर सोडून सगळीकडे सिस्टर म्हणत. सरकारी प्रसूतिगृहात तिची सगळी नोकरी गेली. वॉर्डातली निम्मी माणसं मी उलटी धरून रडवलेली आहेत, असं ती स्वतःच सांगे. निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांनी तिला नगरपालिकेला उभं केलं. प्रचार म्हणावा असा काही झालाच नाही. पहिला श्वास हिच्या हातात घेतला, एक मत द्यायला काय जातं, असं म्हणत लोकांनी तिला निवडून दिलं आणि मागच्या खेपेला पुन्हा दिलं. लग्न तिने केलं नव्हतं. धाकट्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिची एक खोली होती. जेवायला, भांडायला आणि वर्तमानपत्र वाचायला ती खाली असे.

आज दुपारी दोन वाजता नगरपालिकेत स्टेडियमवरच मतदान होतं.

"कधी मिळालं काम?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

"पाइप यायची वाट बघत होतो. काल संध्याकाळी आले. म्हटलं, हातात काही असल्याशिवाय सांगायचं नाही, नाहीतर तू म्हणणार, हवेत इमले." धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. "आणि हे बघ ताई, तू मत कुठेही दे. आधी सुनावणी, मग स्टेडियम, हे तुझं म्हणणं सगळ्या गावाला पाठ आहे. तू तसंच दे. काम गेलं तर गेलं. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"मग एवढे फुललात कशाला?" बायकोने विचारलं.

"अगं, ते आपणहून आले. खेटे नाहीत, ओळख नाही, कुणाची चिठ्ठी नाही. कंपनीचे साहेब गाडीतून उतरले आणि म्हणाले, तुमचं नाव ऐकून आलोय. इतकी वर्षं ग्रिलं केली, जिने केले, त्या शाळेचं गेट केलं. कुणी कधी विचारलं का, हे केलं कुणी म्हणून? पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघून दारात आलं."

शाळेचं गेट हे धाकट्याचं सगळ्यात लाडकं काम. त्यावर पत्र्याचे पक्षी होते, एका रांगेत उडणारे, आणि एकही पक्षी दुसऱ्यासारखा नव्हता. ते करायला त्याने दुप्पट दिवस लावले होते आणि पैसे साध्या गेटचेच घेतले होते.

"गेट दाखवलंस त्यांना?" सिस्टरने विचारलं.

"दाखवणार होतो. घाईत होते. पण माणूस काय अगत्याचा. चहा घेतला, घरची चौकशी केली. बहीण तुमच्याकडेच असते ना, म्हणाले. म्हटलं, हो, वरच्या मजल्यावर. मग जेवणखाण? म्हटलं, एकत्रच, एकाच टेबलावर. तर म्हणतात, वा, हल्ली असं कुठे बघायला मिळतं."

सुरी थांबली.

धाकट्याच्या बायकोने उठून गॅस बंद केला, वर काही ठेवलेलं नसताना. दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं नाही. धाकटा पाइप उजेडात धरून त्यात स्वतःचा चेहरा बघत होता. तो चेहरा लांबुळका दिसत होता आणि हसत होता.

"छान झालं," सिस्टर म्हणाली. "पाव खा. गार होतोय."

तिचा हात का थांबला, हे गावात कुणालाही सांगावं लागलं नसतं.

मागे एकदा नगरपालिकेने बसडेपोसाठी जागा घेतली. ती एका सदस्याच्या मेव्हण्याची निघाली. त्यात बेकायदा काही नव्हतं, भावही वाजवी होता. पण मेव्हण्याची गोष्ट सदस्याने सांगितली नव्हती, ती लोकांना पानाच्या गादीवर कळली, आणि गावाचा नगरपालिकेवरचा विश्वास उडाला तो उडालाच. रस्त्यावर खड्डा बुजवला तरी लोक विचारत, खडी कुणाच्या साडूची? चांगल्या कामालाही कुणी चांगलं म्हणेना. पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन झालं तेव्हा मंडपात सदस्य आणि त्यांच्या बायका एवढेच होते.

सिस्टर तेव्हा नवी होती. तिने ठराव आणला: एखाद्या विषयात आपल्या घरच्या माणसाचा नफा किंवा तोटा असेल, तर सदस्याने उभं राहून तसं सांगावं आणि मतदान संपेपर्यंत सभागृहाबाहेर जाऊन बसावं. ठरावाला उघड विरोध कोण करणार? सगळे तात्त्विक पाठिंबा देऊन 'घरचा माणूस' म्हणजे कोण यावर घोळ घालत बसले. रक्ताचा की सासरचा? वेगळा राहणारा मुलगा धरायचा का? सभांवर सभा गेल्या. शेवटी सिस्टर उठली आणि म्हणाली, "आम्ही प्रसूतिगृहात कधी नातं विचारलं नाही. बाळंतिणीला डबा कुठून येतो ते बघायचो. ज्यांची चूल एक, ते एका घरचे."

सगळे हसले, आणि हसता हसता हात वर गेले. कायद्याच्या भाषेत त्या नियमाला मोठं नाव होतं, पण त्याला चुलीचा नियम याखेरीज कुणी काही म्हणत नसे. सभागृहाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून एक लाकडी बाकडं होतं, त्याचंही नाव चुलीचं बाकडं पडलं.

त्या बाकड्यावर पहिल्यांदा बसण्याचा मान गादीवाल्यांचा. या सदस्यांचं बाजारात गाद्यांचं जुनं दुकान. दवाखान्यासाठी गाद्या घ्यायचा विषय आला तेव्हा ते आपल्या जागेवर स्वस्थ बसून होते. सिस्टरनेच बोट दाखवलं. गादीवाले लालबुंद झाले, उठले, आणि दारातून वळून म्हणाले, "निदान त्या बाकड्याला तरी एक गादी घाला." सभागृह पोट धरून हसलं. त्यानंतर ते आणखी दोनदा बाहेर गेले. दोन्ही वेळा कुणीतरी बोट दाखवल्यावर.

काही असो, नियमाचा उपयोग झाला. लोक पुन्हा सभा ऐकायला येऊन बसू लागले. कोण बाहेर गेलं यावर पैजा लावत का होईना, पण येत.

आणि आता स्टेडियम. गावात एकच मोकळं मैदान. आजे-पणज्यांनी वर्गणी काढून जमीन घेतली आणि नगरपालिकेच्या स्वाधीन केली, ती याला कुंपण घालायचं नाही या शब्दावर. ते मैदान साठ वर्षांसाठी कंपनीला द्यायचं, कंपनीने स्टेडियम बांधायचं, कर्ज नगरपालिकेच्या नावावर काढायचं, आणि मोठे सामने आलेच नाहीत तर हप्ते गावाने भरायचे. सिस्टर स्टेडियमच्या विरोधात नव्हती. "बांधा की. मीही बघायला येईन, पुढच्या रांगेत बसेन," ती म्हणे. तिचं म्हणणं इतकंच, की करार आधी लोकांपुढे ठेवा, जनसुनावणी घ्या, मग हात वर करा. कंपनी म्हणत होती की आज ठरवा, नाहीतर आम्ही दुसरं गाव बघतो. सदस्यांचे सरळ दोन भाग पडले होते. सिस्टर धरली तर सुनावणीची बाजू एका मताने जड. सिस्टर वगळली तर समसमान, आणि मग अध्यक्षांचं मत निर्णायक. अध्यक्षांच्या टेबलावर स्टेडियमची छोटी प्रतिकृती गेले दोन महिने काचेच्या पेटीत ठेवलेली होती.

सिस्टर घरातून लवकर निघाली. वाट थोडी वाकडी करून ती शाळेवरून गेली. शाळा भरलेली होती, गेट बंद होतं. तिने रांगेतल्या शेवटच्या पक्ष्यावर हात ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता. जोड कुठे लागत नव्हता.

नगरपालिकेच्या उपाहारगृहात मास्तर तिची वाट बघत होते. मास्तर म्हणजे सुनावणीच्या बाजूचे म्होरके, शाळेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सिस्टरने त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी तो आवाज मुद्दाम खाली आणला.

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"मला."

"तुम्ही सोडून हो."

"कंपनीला. त्यांनीच तर दिलंय काम."

मास्तरांनी कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर उद्या तेच बोंब मारणार, की बघा, नियमवाली बाईच नियम मोडते. मतदान रद्द करा म्हणणार. आणि बोललात तर..."

"तर बाकड्यावर."

"विकत घ्यायला आले असते तर जोडे मारून हाकलले असते." मास्तर म्हणाले. "हे भलतंच झालं. यांनी तुमच्या खोटेपणावर डाव लावलाच नाही, सिस्टर. खरेपणावर लावला."

"मग डाव बरोबर लावलाय."

"चेष्टा करू नका." ते पुढे वाकले. "एक करता येईल. अजून वेळ आहे. बाजारातून एक शेगडी घ्या, वरच्या खोलीत मांडा, तिच्यावर चहा ठेवा. मी येतो प्यायला. चूल वेगळी झाली, मी साक्षीदार."

सिस्टर खरंच हसली. "आणि भावजयीला काय सांगू? स्टेडियमपायी घर वाटलं?"

"नियम चोरांसाठी असतात हो."

"चोराच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? गादीवाल्यांना मी बाहेर काढलं तेव्हा ते तरी कुठे चोर होते? गाद्या चांगल्या होत्या. अजून टिकल्यात."

"ते स्वतःच्या फायद्यासाठी आत बसले होते. तुम्ही भावाच्या पोटावर पाय देऊन मत देणार आहात. फरक आहे की नाही?"

"मला आहे. तुम्हाला आहे. गॅलरीत बसणाऱ्याला काय दिसणार? बाई आत बसली आणि तिच्या घरात काम आहे, एवढंच. मी कुठल्या बाजूने बसले ते तो नंतर बघणार." तिने बशीतली बिस्किटं त्यांच्याकडे सरकवली. "मास्तर, आपला हात किती स्वच्छ आहे ते ज्याचं त्याला माहीत असतं. तरी आम्ही हात धुऊनच आत जायचो. ज्या सिस्टरचे हात स्वच्छ असायचे तीसुद्धा."

मास्तरांनी बिस्किट घेतलं नाही. त्यांनी दुसरा रस्ता काढला. धाकट्याने काम सोडलं आणि सभेच्या आधी तसं लिहून दिलं तर नफाही नाही, तोटाही नाही. सिस्टर मोकळी. एका फोनचं काम.

हा रस्ता सिस्टरला सकाळीच दिसला होता, लोणी लावतानाच. धाकट्याने ऐकलंही असतं. लहानपणापासून तिचं एकही म्हणणं त्याने मोडलं नव्हतं. आई गेल्यावर त्याच्या शाळेची फी आणि तापातलं औषध तिनेच बघितलं होतं. म्हणूनच अवघड होतं. काम सोड म्हटलं तर तो का म्हणून विचारणार, आणि मग तिला सांगावं लागणार की बाबा रे, ते तुझं काम बघून आले नव्हते, माझं ताट कुठे असतं ते बघायला आले होते.

मास्तरांच्या समोरच तिने फोन लावला.

पलीकडे आधी ग्राइंडरचा आवाज आला. मग तो बंद झाला आणि कुणीतरी खदखदून हसलं. धाकट्याकडे पूर्वी असलेला म्हातारा वेल्डर. काम नव्हतं म्हणून मागच्या वर्षी त्याला घरी पाठवलं होतं. आज बोलावलेला दिसत होता.

"बोल ताई. हे बघ, म्हातारा म्हणतोय की एवढं रेलिंग करायचं तर दोन जन्म लागतील, एक जन्म आगाऊ दे."

सिस्टरने मास्तरांकडे बघितलं. मास्तर मान हलवून बोला, बोला म्हणत होते.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"अजून नाही. का गं?"

"वेळेवर जेव," ती म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला.

मास्तर म्हणाले, "गावाचं मैदान चाललंय, आणि तुम्ही भावाला जेवलास का विचारताय."

आपण नियम पाळतो आहोत की भावाला पाठीशी घालतो आहोत, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. दोन्ही गोष्टी तिला त्याच बाकड्याकडे नेत होत्या, आणि तेच तिला खुपत होतं. आजवर तिने जे बरोबर म्हणून केलं त्याची किंमत तिने स्वतः मोजली होती. आज ती किंमत दुसऱ्यांच्या मैदानातून वसूल होणार होती.

सभा वेळेवर सुरू झाली. गॅलरी भरलेली होती. मैदानावर खेळणाऱ्या मुली एका कोपऱ्यात दाटीने बसल्या होत्या. त्यांच्यातल्याही अर्ध्या स्टेडियम हवं म्हणणाऱ्या आणि अर्ध्या नको म्हणणाऱ्या होत्या. भाषणं लांबली. अध्यक्षांनी प्रतिकृतीच्या पेटीवरची धूळ रुमालाने पुसली आणि म्हणाले की गावाला पुढे न्यायचं तर कुणाला तरी पाऊल टाकावं लागतं. मास्तर म्हणाले, पाऊल टाका, पण ते कुणाच्या अंगणात पडतंय ते आधी विचारा. मग गादीवाले स्टेडियमच्या बाजूने चार वाक्यं बोलले, आणि मास्तरांना राहवलं नाही.

"पाहुण्यांच्या खुर्च्यांना गाद्या लागतीलच म्हणा," ते म्हणाले.

सभागृह हसलं. गादीवाले उठले. "माझी चूल कुणी तपासली आहे का?" त्यांनी विचारलं. कुणी तपासली नव्हती. ते खाली बसले. सिस्टरच्या लक्षात आलं की नेहमीसारखं ते स्वतः मात्र हसले नव्हते.

अध्यक्षांनी मतदानाआधीचा नेहमीचा प्रश्न विचारला. हा प्रश्नही नियमाबरोबरच आलेला. "कुणाला काही सांगायचं आहे?"

हा प्रश्न विचारताना त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. इतर वेळी ते कागदाकडे बघत विचारत.

सिस्टर उभी राहिली. मास्तरांना वाटलं होतं की ती आता सगळं काढेल, कंपनी, साहेब, चहा, टेबल. गॅलरीतल्या लोकांनीही माना पुढे काढल्या.

"माझ्या भावाला या स्टेडियमच्या रेलिंगचं काम मिळालं आहे," ती म्हणाली. "आजचा विषय शनिवारी जाहीर झाला. काम सोमवारी मिळालं. भाऊ काम चांगलं करतो. शाळेचं गेट त्याचं आहे, बघून घ्या. आमची चूल एक आहे. मी बाहेर जाते."

ती एवढंच बोलली. शनिवार आणि सोमवार हे दोन शब्द गॅलरीत पोचायला थोडा वेळ लागला. मग तिथे कुजबूज सुरू झाली आणि मागच्या रांगांपर्यंत गेली. मुलींपैकी एकीने दुसरीला विचारलं, "म्हणजे मुद्दाम?" अध्यक्षांनी हातोडी आपटली. सिस्टरने पिशवी उचलली, चष्मा डबीत ठेवला आणि मधल्या वाटेने चालत गेली. इतकी वर्षं ती या वाटेने दुसऱ्यांना जाताना बघत आली होती. बसल्या जागेवरून ती वाट आखूड वाटायची.

दारावरच्या शिपायाने दार उघडून धरलं. "सिस्टर, तुम्ही?"

"मग काय, बाकडं काय एकट्या गादीवाल्यांचं आहे?"

बाकडं कडक होतं. गादीवाले उगीच बोलले नव्हते. तिने पिशवी शेजारी ठेवली. शिपायाने पाणी आणून दिलं. त्याच्या दोन्ही मुली तिच्याच हातच्या, पण आज त्याने तो विषय काढला नाही. आतून कुणाचं तरी बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. शनिवार-सोमवारवरून काही तरी हरकत निघाली असावी. मतदान लांबलं होतं.

पिशवीत फोन वाजला. धाकटा होता. गॅलरीत कुणाचा तरी फोन चालू असणार, बातमी वर्कशॉपपर्यंत गेली होती. या वेळी ग्राइंडरचा आवाज नव्हता.

"ताई."

"बोल."

"त्यांनी गेट बघितलंच नव्हतं ना?"

"गेट चांगलं आहे."

"ते मला माहीत आहे गं. मी विचारतोय, त्यांनी बघितलं होतं का?"

समोरच्या भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांचे फोटो होते. सिस्टर त्यातल्या एकाकडे बघत राहिली. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते."

"हं." मागे म्हातारा वेल्डर काहीतरी विचारत होता. धाकट्याने त्याला थांब म्हटलं. "मघाशी तू फोन केलास तो जेवणासाठी नव्हता."

"जेवणासाठीच होता."

"बरं," तो म्हणाला. "मग जेवतो." आणि फोन बंद झाला.

तिने फोन पिशवीत ठेवला, मग पुन्हा बाहेर काढून पूर्ण बंद केला. बाकड्यावर बसलेल्याने फोनवर बोलायचं नाही, असं नियमात कुठे नव्हतं. घालायला हवं होतं, असं तिला वाटून गेलं.

चारच्या सुमारास आतला आवाज थांबला. अध्यक्षांनी मतदानाची घंटा वाजवली. ही घंटा वाजली की शिपाई दार लावून घेई, आणि मग मोजणी होईपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. त्याने दाराच्या मुठीला हात घातला, तेवढ्यात दार आतून ढकललं गेलं.

गादीवाले बाहेर आले.

कुणी बोट दाखवलेलं सिस्टरला ऐकू आलं नव्हतं. त्यांच्या मागून कुणी आलंही नाही. आत कुणीतरी त्यांच्या नावाने हाक मारत होतं, बहुतेक अध्यक्षच, पण ते वळले नाहीत. ते बाहेर राहिले तर स्टेडियमच्या बाजूचं एक मत कमी होणार होतं, आणि अध्यक्षांच्या मताची वेळच येणार नव्हती. खिशातला रुमाल काढून त्यांनी मान पुसली. ते सिस्टरकडे बघत नव्हते, बाकड्याकडे बघत होते.

"अजून गादी घातली नाही कुणी याला," ते म्हणाले.

"तुमच्याकडूनच घ्यावी लागेल, म्हणून राहिलंय," सिस्टर म्हणाली.

ते हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांच्या खिशात फोन वाजायला लागला, वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"साहेब," शिपाई म्हणाला, "घंटा झालीय. आत जाताय का? नाहीतर दार लावतो."

सिस्टरने शेजारची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

शिपायाने पुन्हा विचारलं. सव्वाचार वाजता दार अर्धं उघडं होतं, बाकड्यावर एका माणसाची जागा रिकामी होती, आणि गादीवाले अजून उभे होते.